दादांच्या वह्या आणि एकविसावं गुणसूत्र: एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

दादा आमच्या स्मृती-चिकित्सालयात पहिल्यांदा आले तेव्हा ४९ वर्षांचे होते. घरी आणि कामावर सगळे त्यांना दादाच म्हणतात, म्हणून इथेही तेच ठेवलं आहे. त्यांचा सांभाळ करणाऱ्या धाकट्या बहिणीला ताई म्हणू. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. आमच्या गटात मानसोपचारतज्ज्ञ, मेंदूविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि रोजची कामं जमवून घ्यायला मदत करणारे ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहेत. मी समन्वयक. कुटुंबाशी बोलणं, टिपणं ठेवणं, कोणती तपासणी कधी हे जुळवणं माझ्याकडे असतं.

जन्मानंतर चेहरेपट्टी, ढिले स्नायू आणि तळहातावरची एकच आडवी रेघ पाहून डाऊन सिंड्रोम असल्याचं सांगितलं गेलं होतं. गुणसूत्रांची तपासणी कधीच झाली नव्हती. दादा बोलायचे मोजकं, पण त्यांना समजायचं पुष्कळ. विशीपासून ते एका संरक्षित कार्यशाळेत जात होते. पाकिटं मोजायची, लेबलं लावायची, खोकी भरायची. दहा-दहाचे गठ्ठे बांधण्यात तिथे त्यांचा हात कोणी धरू शकत नसे.

आणि एक वही. रोज संध्याकाळी ते तिच्यात एक ओळ लिहीत: तारीख, वार, हवा कशी होती (ऊन, ढग किंवा पाऊस) आणि त्या दिवशी कार्यशाळेचं दार कोणी उघडलं त्याचं नाव. ही सवय आईंनी लावलेली. वही भरली की आई ती कपाटात ठेवून द्यायच्या आणि नवी काढायच्या.

दादा ४८ वर्षांचे असताना आई गेल्या. त्यानंतर ते ताईंकडे राहायला आले. घरात ताई, त्यांचे यजमान आणि कॉलेजात शिकणारा मुलगा.

अडचण

तीन-चार महिने बरे गेले. मग दादा हट्टी झाले. अंघोळीला नको म्हणू लागले. घातलेल्या शर्टावर दुसरा शर्ट चढवायचे. एका खोलीतून दुसरीत जाताना दारात थबकायचे, पाऊल टाकायला घाबरायचे. रात्री दोन-दोनदा उठून बसायचे. कधी कपड्यातच लघवी व्हायची. कार्यशाळेतूनही निरोप आला की दहाच्या गठ्ठ्यात कधी सात पाकिटं निघतात, कधी तेरा, आणि दाखवून दिलं की दादा चिडतात. या माणसाला चिडलेलं तिथे कोणी पाहिलं नव्हतं.

"विसरतात का?" असं विचारलं की ताई ठामपणे नाही म्हणायच्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. नावं, नाती, कोणाचा वाढदिवस कधी, सगळं दादांच्या लक्षात होतं. डाऊन सिंड्रोम असलेल्यांमध्ये अल्झायमरची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. स्मरणशक्तीच्या आधी स्वभाव बदलतो, उत्साह ओसरतो, एकामागून एक करायच्या कामांचा क्रम चुकू लागतो. "विसरतात का?" या एकाच प्रश्नावर जो अडतो, त्याच्या हातून हा टप्पा निसटतो.

आमच्याकडे येण्याआधी ताई तीन डॉक्टरांकडे जाऊन आल्या होत्या. पहिल्यांनी सांगितलं, आई गेल्याचं दुःख आहे, वेळ द्या. दुसरे म्हणाले, डाऊन असलेल्यांचं या वयात असं होतंच, आणि लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिनच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्यांनी पाच मिनिटांत निकाल दिला: अल्झायमर आहे, डाऊनमध्ये तो होतोच, आता करण्यासारखं काही नाही.

या तिसऱ्यांचं निदान पुढे बरोबर ठरलं, हे आधीच सांगून टाकते. तरीही त्यांनी केलं ते योग्य होतं असं मला वाटत नाही. का, ते पुढे येईलच.

गुणसूत्राचा संबंध

दुसऱ्या भेटीत ताईंच्या मुलाने थेट विचारलं, "मामाला हे डाऊनमुळे झालंय, तर मग मला आणि आईलाही होणार का?" घरातल्या बाकीच्यांनी मनात दाबून ठेवलेला प्रश्न होता तो. त्याला जे समजावलं तेच इथे मांडते.

डाऊन सिंड्रोमचं वर्णन जॉन लँग्डन डाऊन यांनी १८६६ साली केलं. त्यामागे २१ व्या क्रमांकाचं एक जादा गुणसूत्र असतं हे कळायला १९५९ साल उजाडलं. मेंदूतले अल्झायमरसारखे बदल डाऊन असलेल्यांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना त्याच्याही आधीपासून दिसत होते. दुवा जुळला १९८४ मध्ये. जॉर्ज ग्लेनर आणि केन वाँग यांनी अल्झायमरच्या रुग्णांमध्ये साचणारं बीटा-ॲमिलॉइड हे प्रथिन वेगळं काढलं, डाऊन सिंड्रोम असलेल्यांच्या मेंदूतही तेच सापडलं, आणि त्यांनी अंदाज बांधला की यामागचं जनुक एकविसाव्या गुणसूत्रावर असणार. तीन वर्षांत ते जनुक तिथेच सापडलं. त्याचं नाव एपीपी, म्हणजे ॲमिलॉइड प्रिकर्सर प्रोटीनचं जनुक.

एपीपी हे प्रथिन प्रत्येकाच्या मेंदूत असतं. बीटा-सिक्रिटेज आणि गॅमा-सिक्रिटेज ही विकरं त्याला ठरावीक ठिकाणी कापतात तेव्हा बीटा-ॲमिलॉइडचे तुकडे सुटतात. बहुतेकांच्या पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात, डाऊन असलेल्यांच्या पेशीत तीन. कच्चा माल जन्मापासूनच दीडपट. तुकडेही जास्त सुटतात आणि ते दशकानुदशकं साचत राहतात. चाळिशीपर्यंत डाऊन असलेल्या जवळपास प्रत्येकाच्या मेंदूत ॲमिलॉइडचे थर आणि टाऊ प्रथिनाच्या गुंतवळी दिसतात. टाऊवर परिणाम करणारं डायर्क१ए हे जनुकसुद्धा त्याच गुणसूत्रावर आहे. डिमेन्शियाचं, म्हणजे अल्झायमरमुळे स्मृती आणि रोजची कामं ढासळण्याचं, निदान होण्याचं सरासरी वय त्रेपन्न-चोपन्नच्या आसपास येतं आणि आयुष्यभराचा धोका ९० टक्क्यांहून अधिक मानला जातो. पूर्वी हे फारसं कोणाच्या नजरेत आलं नाही, कारण ही माणसं त्या वयाला पोचतच नव्हती. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रगत देशांतही त्यांचं सरासरी आयुर्मान पंचवीसच्या घरात होतं. आज ते साठीला टेकलं आहे.

सगळा दोष एपीपीचाच कशावरून? याचा सर्वांत बोलका पुरावा दोन टोकांनी येतो. १९९८ मध्ये डाऊन सिंड्रोम असलेल्या ७८ वर्षांच्या एका स्त्रीची नोंद प्रसिद्ध झाली. तिच्या पेशीत एकविसाव्या गुणसूत्राचा काही भागच जादा होता, आणि एपीपीचं जनुक त्या भागात नव्हतं. तिला अल्झायमर झाला नाही आणि मृत्यूनंतर मेंदूतही त्याच्या खुणा मिळाल्या नाहीत. दुसऱ्या टोकाला, २००६ मध्ये अशी काही फ्रेंच कुटुंबं समोर आली ज्यांना डाऊन सिंड्रोम नव्हता, पण एकट्या एपीपीच्या तीन प्रती होत्या. त्यांना तुलनेने कमी वयात अल्झायमर होत होता.

भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. धोका येतो तो जादा प्रतीमुळे, आणि ताईंकडे व त्याच्याकडे ती असण्याचं काही कारण दिसत नव्हतं. एकच गोष्ट तपासायची राहिली होती. सुमारे ९५ टक्के लोकांमध्ये पूर्ण जादा गुणसूत्र असतं आणि ते बहुधा बीजांड किंवा शुक्राणू तयार होतानाच्या विभाजनातल्या चुकीतून येतं, घराण्यातून येत नाही. तीन-चार टक्क्यांत मात्र जादा तुकडा दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेला असतो, आणि असं चिकटलेलं गुणसूत्र निरोगी नातेवाइकातही लपून राहू शकतं. मुलाच्या पुढच्या संसाराच्या दृष्टीने हे कळणं गरजेचं होतं. गटात थोडा वाद झाला. पन्नाशीला आलेल्या माणसाचं रक्त केवळ भाच्यासाठी काढायचं का? शेवटी थायरॉइडसाठी रक्त काढायचंच होतं, त्यातच ही तपासणी करायचं ठरलं. दादांना चित्रं दाखवून विचारलं, त्यांनी हात पुढे केला. अहवाल आला: ४७ गुणसूत्रं, एकविसावी तीन, पूर्ण. म्हणजे भाच्याला वेगळा धोका नाही, आणि दादांच्या बाबतीत एपीपीची तिसरी प्रत आहेच.

पहिला निर्णय: मान्य करायचं की शोधायचं

आता खरा पेच. तिसरी प्रत आहे, वय ४९ आहे, लक्षणं जुळतात. ॲमिलॉइड दाखवणारा पेट स्कॅन करता आला असता, पण त्यातून हाती काय लागलं असतं? या वयात तो जवळपास नक्कीच पॉझिटिव्ह येणार. ॲमिलॉइड आहे एवढंच तो सांगेल. दादा दारात थबकतात ते त्यामुळेच का, हे तो सांगणार नाही.

म्हणून आम्ही उलट बाजूने निघालो. अल्झायमर आहे असं गृहीत धरू, पण त्याच्या जोडीला आणखी काय काय आहे ते शोधू. डाऊन सिंड्रोम असलेल्या प्रौढांत थायरॉइड मंदावणं, बहिरेपण, लवकर येणारा मोतीबिंदू, झोपेत श्वास अडकणं, नैराश्य, मानेचे वरचे दोन मणके सैल असणं, हे सगळं नेहमीचं आहे. यातलं प्रत्येक दुखणं डिमेन्शियाची नक्कल करू शकतं. दादांना आपलं दुखणं शब्दांत सांगता येत नव्हतं, त्यामुळे ते सगळं वागण्यातून बाहेर पडत होतं.

मान सगळ्यात आधी पाहिली. चाल बिघडणं आणि लघवीवरचा ताबा जाणं या दोन गोष्टी एकत्र आल्या की मज्जारज्जूवर दाब नाही ना, हे पाहावंच लागतं. तिथे उशीर परवडत नाही. मान ठीक निघाली. मेंदूचा एमआरआय करायचा तर दादांना भूल द्यावी लागली असती, आणि श्वासाच्या त्रासामुळे भुलीचा धोका त्यांना जास्त. भुलीशिवाय सीटी स्कॅन केला. रक्तस्राव नाही, पाणी साचलेलं नाही, एवढं त्यातून कळलं आणि आम्हाला तेवढंच हवं होतं.

बाकी सापडलं ते असं. थायरॉइड बराच मंद. दोन्ही कान मळाने गच्च. उजव्या डोळ्यात पिकलेला मोतीबिंदू. झोपेच्या तपासणीत श्वास वारंवार थांबत असल्याचं दिसलं. आणि ऑक्सिब्युटिनिन, जे मेंदूतल्या ॲसिटिलकोलीनच्या कामातच आडवं येतं. अल्झायमरमध्ये नेमकं हेच रसायन कमी पडत असतं. लघवीसाठी दिलेली गोळी डोक्यातली उरलीसुरली शिबंदी कमी करत होती, आणि "या वयात असं होतंच" असं म्हणत ती लिहून दिली गेली होती.

गोळी बंद केली. थायरॉइडचं औषध सुरू झालं. कान साफ केले त्या दिवशी दादा तपासणीच्या खोलीतल्या पंख्याकडे मान वर करून बराच वेळ बघत राहिले, बहुधा त्याचा आवाज पहिल्यांदाच नीट येत होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली. श्वासाच्या यंत्राच्या मास्कला मात्र त्यांनी साफ नकार दिला. ऑक्युपेशनल थेरपिस्टने यंत्र घरी बंदच ठेवायला सांगितलं. आधी नुसता मास्क हातात, मग टीव्ही बघताना गालाला, मग पट्टा लावून दोन मिनिटं. यंत्र चालू व्हायला दोन महिने लागले, पण त्यानंतर दादा स्वतःच मास्क मागू लागले.

सहा महिन्यांनी घरातला माणूस बदललेला होता. रात्रीची झोप लागत होती, अंघोळीचा तंटा मिटला होता, लघवी बहुतेक वेळा ताब्यात होती. ताईंना वाटलं, अल्झायमर नव्हताच. आम्हालाही क्षणभर तसं वाटायला लागलं होतं.

वह्यांनी काय सांगितलं

गठ्ठे मात्र जमत नव्हते. शर्टावर शर्ट अधूनमधून चालूच होता.

डिमेन्शिया म्हणजे पूर्वी होतं ते कमी होणं. पूर्वी काय होतं, हेच इथे कोणी नोंदवलेलं नव्हतं. नेहमीच्या स्मृतिचाचण्या कामाच्या नाहीत, कारण त्यांत दादांना तिशीतही कमीच गुण मिळाले असते. कॅमडेक्स-डीएससारख्या खास या लोकांसाठी बनवलेल्या पद्धतीसुद्धा जवळच्या माणसाच्या आठवणीवर बऱ्याच अवलंबून असतात. ती सगळी आठवण आईंकडे होती, आणि आई नव्हत्या.

मानसशास्त्रज्ञांनी ताईंना सहज विचारलं, जुनं काही आहे का, चित्रं, व्हिडिओ, काहीही. ताईंनी पुढच्या वेळी पिशवी भरून वह्या आणल्या.

त्या आम्ही टेबलावर वर्षवार मांडल्या. तिशीतल्या वह्यांत ओळी सरळ, अक्षर मोठं पण ठाशीव, एकही दिवस चुकलेला नाही. ४६ व्या वर्षाच्या वहीत वार आणि तारीख जुळेनाशी होते. पुढे एकच तारीख तीन दिवस येते. मग भर पावसाळ्यात ओळीने एकोणीस दिवस "ऊन". दार उघडणाऱ्याच्या नावाची जागा आधी रिकामी राहायला लागते, नंतर तिथे रोज एकच नाव येतं. ते नाव ज्यांचं, त्यांनी कार्यशाळा केव्हाच सोडली होती. अक्षर कागदाच्या खालच्या कोपऱ्याकडे उतरत जातं.

हे सगळं आई जाण्याच्या दीड-दोन वर्षं आधीचं. म्हणजे सुरुवात दुःखातून झालेली नव्हती. आईंना ते दिसत असणार आणि त्या न बोलता सावरून घेत असणार. शेवटच्या वह्यांत बऱ्याच ठिकाणी तारीख आईंच्या अक्षरात आहे.

कान, डोळे, झोप, थायरॉइड सुधारूनही क्रमाची कामं घसरतच होती, आणि ही घसरण तीन वर्षं जुनी होती. डाऊन सिंड्रोममधला अल्झायमर हे निदान आता कागदावर आलं. तिसऱ्या डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं होतं तेच. पण तेव्हाचे दादा बहिरे, अर्धे आंधळे, झोपेला मोताद आणि चुकीच्या गोळीवर होते, आणि त्यांच्यासाठी करण्यासारखं काही नाही असं सांगून त्यांना घरी पाठवलं गेलं होतं.

निदान कोणाला सांगायचं

ताईंचं म्हणणं, दादांना काही सांगू नका, उगाच घाबरतील. यजमानांचं म्हणणं, कार्यशाळेत तरी सांगा, नाहीतर तिथले लोक त्यांना आळशी समजतील. भाचा म्हणाला, "मामाला कळतंय काहीतरी चुकतंय. वही उघडून नुसता बसतो."

त्याच्या या वाक्यावर बैठक वळली. मानसशास्त्रज्ञांनी दादांशी ताईंच्या समोरच बोलायचं ठरवलं. आजाराचं नाव घेतलं नाही, भविष्याबद्दल काही नाही. "दादा, तुमच्या डोक्याला आता काही कामं जड जातात. त्यात तुमची चूक नाही. ताई मदत करेल." दादा थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "गठ्ठा." ताईंनी सांगितलं, "हो दादा, गठ्ठा. आता आपण दोघं मिळून बांधू." एवढंच झालं. त्यांच्या वागण्यातली चीड त्यानंतर कमी झाली असं ताई सांगतात. ती या बोलण्याने कमी झाली की चांगल्या झोपेने, हे मला सांगता येणार नाही.

औषधं

इथे तीन पर्याय होते आणि एकाचाही पुरावा भक्कम नव्हता.

ॲसिटिलकोलीन टिकवून धरणारं डोनेपेझिल या लोकांना दिलं जातं. निरीक्षणातून फायद्याच्या, अगदी जास्त जगण्याच्याही नोंदी आहेत, पण मोठ्या काटेकोर चाचण्या कमी. अल्झायमरचंच दुसरं औषध, मेमँटिन, याची चाळिशीपुढच्या डाऊन सिंड्रोम असलेल्यांवर वर्षभर चाचणी झाली होती. तिचे निष्कर्ष २०१२ मध्ये आले आणि फायदा दिसला नाही. तिसरा पर्याय यजमानांनी बातम्यांत वाचलेला: ॲमिलॉइड धुऊन काढणारी नवी इंजेक्शनं, लेकॅनेमॅब आणि डोनानेमॅब. त्यांचा तर्क साधा होता. दादांचा आजार ॲमिलॉइडचा, औषध ॲमिलॉइडवरचं, मग अडचण काय?

अडचण अशी की ज्या चाचण्यांवर या औषधांना मान्यता मिळाली त्यांत डाऊन सिंड्रोम असलेले लोक नव्हते. शिवाय त्यांच्यात ॲमिलॉइड मेंदूच्या रक्तवाहिन्यांच्या भिंतीतही बरंच साचतं, आणि तशा मेंदूत या इंजेक्शनांनी सूज किंवा रक्तस्राव होण्याची भीती वाढते. वरून वारंवार एमआरआय लागतो. ज्यांच्या जनुकामुळे ॲमिलॉइडची ही सगळी गोष्ट उलगडली, तीच माणसं औषधाच्या चाचण्यांतून बाहेर राहावीत हे मला खटकतं. यजमानांना ते माझ्यापेक्षा जास्त खटकलं, आणि त्यांच्या रागावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डोनेपेझिल कमी मात्रेत द्यायचं ठरलं. ते नाडी मंद करतं, म्हणून आधी ईसीजी. मात्रा वाढवल्यावर जुलाब सुरू झाले आणि नाडी उतरली, म्हणून पुन्हा खालच्या मात्रेवर आणलं. पुढचं वर्ष कार्यशाळेच्या मते दादा "होते तिथेच" राहिले.

हातातून पडणारे कप

५१ व्या वर्षी नवी तक्रार आली. सकाळी उठल्यावर दादांच्या हातून कप पडतो. घरच्यांनी आधी कप बदलले, मग हलक्या प्लास्टिकचा पेला दिला. भाच्याने मोबाइलवर व्हिडिओ काढला, त्यात कप पडण्याआधी दोन्ही खांदे क्षणभर उडताना स्पष्ट दिसले. मायोक्लोनस, म्हणजे स्नायूंचे झटके. डाऊन सिंड्रोममधल्या अल्झायमरमध्ये उशिरा सुरू होणारी अशी अपस्मारी, म्हणजे फिटच्या प्रकारातली, लक्षणं बऱ्याच जणांत येतात आणि ती आली की घसरण वेगाने होते.

औषध लगेच सुरू करायचं की मोठी फिट येईपर्यंत थांबायचं? दादा जिना चढत-उतरत होते, सकाळीच. थांबण्यात पडण्याचा धोका होता. कार्बामाझेपिनसारखी काही औषधं हे झटके वाढवू शकतात, म्हणून लेव्हेटिरासेटॅम निवडलं. त्याने चिडचिड वाढू शकते हे ताईंना आधीच सांगितलं होतं, आणि ती वाढलीही. मात्रा हळूहळू जुळवली. झटके तुरळक झाले. मोठी फिट दोनदाच आली.

घर आणि ताई

घरातले बदल छोटे होते. दारातली गडद पायपुसणी काढली, कारण दादांना ती जमिनीतला खड्डा वाटायची. मोतीबिंदू काढल्यावरही दारातलं थबकणं थांबलं नव्हतं ते तिथेच थांबलं. जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी लावली. कपाटात एका दिवसाचेच कपडे. दादा कार्यशाळेत आधी अर्धा दिवस जाऊ लागले, नंतर आठवड्यातून दोनदा, आणि काम एकच: भरलेल्या खोक्यांवर शिक्का मारणं.

निवासी संस्थेचा विषय ताईंनी स्वतःच काढला आणि स्वतःच गुंडाळला. नंतर कळलं, त्यांची पाठ धरली होती, रात्री त्या दादांच्याच खोलीत झोपत होत्या, आणि हे कोणालाच सांगितलं नव्हतं. "आईला शब्द दिलाय," एवढंच म्हणाल्या. यावर आम्ही वाद घातला नाही. आठवड्यातून दोन रात्री मदतनीस आणि महिन्यातून एकदा दादांचा मुक्काम दुसरीकडे, इतकं मात्र ठरवून घेतलं.

आजची स्थिती

दादा ५३ वर्षांचे आहेत. शब्द थोडे उरलेत, ताईंना ओळखतात, भाच्याला आईच्या नावाने हाक मारतात. आधाराने चालतात. गेल्या काही महिन्यांत पातळ पदार्थ पिताना ठसका लागतो. या आजारात छातीतला संसर्ग अनेकांचा शेवट करतो, आणि त्याची सुरुवात अशाच ठसक्यांनी होते, म्हणून गिळण्याची तपासणी झाली आहे. पेय घट्ट करून, सरळ बसवून, एका वेळी एकच घोट द्यायचा असं चाललं आहे. एकदा न्यूमोनिया झाला, घरीच बरा झाला. वही बंद झाली आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात आधी, पस्तिशीच्या सुमारास दादा काय काय करू शकतात याची एक नोंद व्हायला हवी होती. गठ्ठे किती वेळात बांधतात, शर्टाची बटणं कशी लावतात, रस्ता कसा ओलांडतात. दोन पानं आणि पाच मिनिटांचा व्हिडिओ पुरला असता. इथे वह्या होत्या हे नशीब. बहुतेक घरांत तेही नसतं. या प्रकरणानंतर कार्यशाळेने पस्तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची अशी नोंद दरवर्षी करायला घेतली आहे, आणि ती घरच्यांकडून भरून न घेता रोज सोबत काम करणारे भरतात. घरचे सावरून घेतात, आईंसारखे.

थायरॉइड, कान, डोळे आणि झोप यांची तपासणी चाळिशीच्या आतच नियमित सुरू झाली असती तर ४९ व्या वर्षी सगळं एकदम निघालं नसतं. ऑक्सिब्युटिनिनच्या बाबतीत माझं मत कडक आहे: डाऊन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या माणसाला ॲसिटिलकोलीन अडवणारं कोणतंही औषध देण्याआधी दोनदा विचार व्हायला हवा, आणि ते देणाऱ्याने निदान एकदा तरी कान तपासलेले असावेत.

गुणसूत्रांची तपासणी जन्मानंतर किंवा भाच्याच्या जन्माआधी झाली असती तर घरावरचं एक सावट वर्षानुवर्षं राहिलं नसतं. ताईंनी पुढे सांगितलं की गरोदरपणात त्या याच भीतीत होत्या आणि विचारायचं कोणाला हे त्यांना माहीत नव्हतं.

गिळण्याबद्दलचं बोलणं उशिरा सुरू झालं. नळीने अन्न द्यायचं का, पुन्हा न्यूमोनिया झाला तर अतिदक्षता विभागात न्यायचं का, हे दादा दोन वर्षांपूर्वी थोडंफार सांगू शकले असते. निदान मास्कला जसा नकार दिला, तसा होकार-नकार तरी देऊ शकले असते. आता ते ताईंना ठरवायचं आहे. नळी नको, असं त्यांचं मन तयार होतंय. यजमानांचं अजून नाही.

डोनेपेझिल कधी थांबवायचं यावर गटात एकमत नाही. मेंदूविकारतज्ज्ञ म्हणतात, नाडी पुन्हा उतरली आहे, आता बंद करा. मानसोपचारतज्ज्ञांना वाटतं, बंद केल्यावर जे जाईल ते परत येणार नाही. पुढच्या भेटीत ईसीजी काढून, ताईंच्या महिनाभराच्या नोंदी पाहून मात्रा अर्धी करायची आणि सहा आठवडे बघायचं, इतकं सध्या ठरलं आहे.